कॅमेऱ्याचं गाऱ्हाणं

व्हिडिओ कॅमेरा घ्यायचा तर आधी झूम बघा, असं मला त्या वर्षी भेटेल त्याने सांगितलं. झूम घेऊन मी काय करणार होते, कपाळ माझं? ज्या माणसाला पकडायचं होतं तो माझ्यापासून दोन हातांवर बसून चहात पाव बुडवत असायचा. ते माझे बाबा. डिचोलीजवळच्या सर्वण गावातल्या घरात आम्ही दोघंच. आई मी शाळेत असतानाच गेली, भावंडं नाहीत, आणि माझं लग्न झालं नाही. का झालं नाही हे विचारणारे पुष्कळ होऊन गेले. त्यांना उत्तरं तेव्हाच दिली आहेत, आता पुन्हा देत बसत नाही.

मी डिचोलीला एका कचेरीत टायपिंग करायची. पुढे कम्प्युटर आले तरी खुर्ची तीच राहिली. बाबा मूळचे पेडण्याकडचे. गोवा मुक्त झाल्यावर खाणींचं काम वाढलं तेव्हा तरणेपणी सुर्ल्याला आले, खनिजाच्या ट्रकावर आधी क्लीनर, मग ड्रायव्हर झाले, सर्वणची मुलगी केली आणि सर्वणचेच झाले. बोली मात्र पेडण्याचीच राहिली. गावातली माणसं त्यावरून त्यांना चिडवायची, आणि गाऱ्हाणं घालायची वेळ आली की त्यांच्याच दारात येऊन उभी राहायची.

घाटावरच्या माणसाला गाऱ्हाणं म्हणजे तक्रार वाटेल. आमच्याकडे ते देवाशी बोलणं आहे. समोर नारळ ठेवून, हात जोडून एक माणूस सगळ्यांच्या वतीने देवाला मोठ्याने सांगतो. काय घडलं, काय हवं, कोणाची राखण कर. एक मागणं झालं की तो थांबतो. तो थांबला की भोवतीच्यांनी म्हणायचं, "व्हय म्हाराजा". ते आल्याशिवाय तो पुढे जात नाही. एकट्याने गाऱ्हाणं होत नाही. घालणारा एक आणि व्हय म्हणणारा निदान एक, एवढी माणसं पाहिजेतच.

बाबांच्या गाऱ्हाण्याची ख्याती ट्रकांमुळे झाली. खाणी जोरात होत्या तेव्हा आमच्या भागात ज्याच्या त्याच्या दारात नवा टिपर यायचा, आणि पहिली फेरी मारण्याआधी तो आमच्या दारात यायचा. बाबा शर्ट काढून, कमरेला पंचा गुंडाळून टिपरासमोर उभे राहायचे आणि देवाला असं सांगायचे, जसा काही तो शेजारच्या घरातला कोणी थोराड चुलता आहे. "बा देवा म्हाराजा, ह्या लेकरान कर्ज काढून गाडी हाडलेली आसा. तिचे ब्रेक बरे रवांदेत." व्हय म्हाराजा. "उताराक गियर सुटू नये." व्हय म्हाराजा. "आणि हो पोरगो शनिवारी सांजचो जरा घेता, ता तुका म्हायत आसा, माका म्हायत आसा. तितकी एक सांज तेच्या गाडयेची चावी तू तुझ्याकडे ठेव." इथे सगळे हसायचे, तो पोरगा मान खाली घालायचा, आणि व्हय म्हाराजा सगळ्यांत मोठ्याने त्याची आई म्हणायची.

मी हे जनेलाच्या गजांआडून ऐकत मोठी झाले. व्हय म्हाराजा आतूनच म्हणायची, भाजी चिरता चिरता.

मग बाबांचा आवाज बसला. आधी वाटलं, लाल धूळ. आयुष्यभर खनिजाची धूळ गिळलेला माणूस, घसा बसणारच. मधाचं चाटण झालं, गरम पाण्याच्या गुळण्या झाल्या, म्हापशाच्या डॉक्टरच्या गोळ्या झाल्या. शेवटी मोठ्या इस्पितळात नेलं. तिथल्या डॉक्टरणीने मला बाजूला घेऊन सांगितलं, घशातली आवाजाची पेटीच काढावी लागेल. माणूस जगेल. बोलणार नाही.

"थोडं तरी?" मी विचारलं.

"नाही," ती म्हणाली. चांगली होती बिचारी, उगाच गोड बोलली नाही.

परतीच्या बसमध्ये बाबा जनेलाकडे बसले होते. मी त्यांना सांगितलं. लपवण्यात अर्थ नव्हता, आमच्या घरात कोणी कोणापासून काही लपवलं तर ते दुसऱ्याला चहाच्या आधी कळायचं. त्यांनी जनेलाची काच ओढून घेतली. मग म्हणाले, "तुका बरा झाला. रोज माझी कटकट होती." मी म्हटलं, "होतीच." आणि मी तोंड फिरवून बसले, कारण मला रडायला येत होतं आणि शेजारच्या सीटवर कचेरीतली एक बाई होती.

त्या रात्री मला झोप लागली नाही एवढंच सांगते. सकाळी उठले ते ठरवूनच. बाबांचं एक गाऱ्हाणं ठेवून घ्यायचं. घरात एक टेपरेकॉर्डर होता, पण तो कॅसेट खायचा. नवा टेपरेकॉर्डर स्वस्तात आला असता हे मलाही कळत होतं. पण बाबांचं गाऱ्हाणं निम्मं हातांत होतं, निम्मं भुवयांत. देवाला काही खास मागायचं असलं की ते डावी भुवई वर करायचे, दुकानदाराशी घासाघीस करताना करायचे तशी. नुसता आवाज ठेवला तर तो रेडिओ झाला. आणि खरं सांगायचं तर मला त्यांचं तोंड बोलताना पाहिजे होतं. पुढे किती वर्षं मी बंद तोंडाकडे बघत जेवणार होते, कोण जाणे.

फ्रीजसाठी मी पैसे बाजूला ठेवले होते. त्यातला मोठा वाटा इस्पितळाला जाणार हे दिसतच होतं. उरलं त्यात कॅमेरा बसवायचा होता. वाड्यावर कळलं तेव्हा एक शेजारीण म्हणाली, बाप इस्पितळात चालला आणि हिला शूटिंगं सुचतायत. मी तिला म्हटलं, तुला मुलाच्या लग्नात सुचली तेव्हा मी काही बोलले? गेल्या मे महिन्यात तिच्या मुलाच्या लग्नाचं शूटिंग तीन कॅसेटींचं झालं होतं.

ते शूटिंग करणाऱ्या डिचोलीच्या माणसाकडेच मी आधी गेले. माहीतगार म्हणून. त्याने मला चहा पाजला, कॅमेरे दाखवले, झूम दाखवला, समोरच्या हॉटेलातला वेटर किती मोठा दिसतो ते दाखवलं. मी विचारलं, "आवाज कसा येतो?"

"आवाज?" तो म्हणाला. "आवाजाचं काय टेन्शन घेता? वर गाणं घालतो ना."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्या भागातल्या सगळ्या लग्नांच्या कॅसेटी मी डोळ्यांपुढे आणल्या. मंगलाष्टकांवर गाणं, जेवणावळीवर गाणं, मुलगी सासरी निघताना रडते त्यावर तर ठरलेलं गाणं. एवढी माणसं तोंडं हलवताना दिसतात आणि एकाचाही शब्द ऐकू येत नाही. पिढीच्या पिढी मुकी करून ठेवली आहे यांनी. मी त्याच्याकडून एक कॅमेरा हातात घेतला, त्याच्यासमोरच चार वाक्यं बोलून टेप केली आणि त्याच्या टीव्हीवर लावली. माझ्या आवाजामागे घर्रर्र असा आवाज येत होता, घरघंटी चालू असल्यासारखा.

"ती टेप फिरते ना आत, तिची मोटर," तो म्हणाला. "कॅमेऱ्याचा माइक कॅमेऱ्यातच असतो. त्याला जवळचं आधी ऐकू येतं."

"मग बाहेरचा माइक लावता येतो?"

"त्याला भोक लागतं. स्वस्तातल्याला नसतं ते."

बाबांचा आवाज तेव्हाच इतका खोल गेला होता की चुलीवर काही रटरटत असलं तरी ऐकू यायचा नाही. मोटरीच्या घरघरीखाली तो सापडलाच नसता. म्हणजे मला झूम नको होता, रंग कसेही चालले असते, मला ते भोक हवं होतं. एवढी साधी गोष्ट कळायला एक आठवडा गेला, आणि इस्पितळाची तारीख काही माझ्यासाठी थांबणार नव्हती.

शुक्रवारी अर्धी रजा टाकून म्हापशाला गेले. मोठ्या दुकानात शिरले तर तिथला पोशाखी माणूस मला सातशेपट झूम सांगायला लागला. मी विचारलं, "माइकचं भोक कुठे आहे?" त्याने कॅमेरा उलटासुलटा केला, झाकणं उघडली, बॅटरीच्या खाचेत बघितलं. भोक होतं ते फक्त महागातल्याला, आणि तो माझ्या आवाक्याबाहेर होता. हप्त्यांनी घ्या म्हणाला. म्हटलं, हप्ते फेडायला मीच उरणार आहे, आणि बाहेर पडले.

बाजाराच्या मागच्या गल्लीत एक दुकान होतं. बोटीवर नोकरी करणारे तारवटी परदेशातून आणलेल्या वस्तू तिथे विकायला ठेवायचे. इस्तऱ्या, परफ्युमं, घड्याळं, आणि कॅमेरे. मालक जाडा, गळ्यात क्रूस, स्टुलावर बसून बाजारातून आणलेले चणे खात होता. मी भोक विचारलं तर त्याला लगेच कळलं. काउंटरवर दोन कॅमेरे ठेवले. एक छोटा, चकचकीत, भोकासकट. दुसरा विटेएवढा, जुना, पडद्याच्या कोपऱ्यात काळा डाग, डोळा लावायच्या जागेचं रबर फाटलेलं. किमतीत फारसा फरक नव्हता. हात अर्थातच चकचकीतकडे गेला.

"तुमचा टीव्ही कुठला?" त्याने विचारलं.

"घरातला," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार?

मग त्याने समजावलं. चकचकीत अमेरिकेतून आलेला, तिथली पद्धत वेगळी, आमच्या टीव्हीवर चित्र काळंपांढरं आणि नाचत येणार. वीट आमच्या पद्धतीची. मी म्हटलं, मग मला आधी का नाही सांगितलं? तो म्हणाला, आत्ता सांगितलं की. अशा माणसाशी भांडताही येत नाही.

विटेला मी त्याच्याकडचाच कॉलरला लावायचा माइक जोडला, चिमट्याचा, वायरीसकट. टेप चालू केली, कानाला हेडफोन लावला. दारासमोर सुंगटं, म्हणजे कोळंबी, विकणारी एक बाई बसली होती. मी माइक हातात धरून तिच्याकडे गेले तेवढ्यात ती दुसरीला सांगत होती की तिच्या जावयाचं लक्षण ठीक नाही. कानात स्वच्छ आलं, बांगडीच्या आवाजासकट. घरघर नाही. मी ती टेप अजून पुसलेली नाही. कॅमेरा पिशवीत घातला, वर मेथीच्या जुड्या ठेवल्या आणि बस धरली. सबंध वाट मी ती पिशवी मांडीवर धरून बसले आणि एकटीच हसत होते. मला त्या दिवशी खरोखर वाटलं की मी बाबांना वाचवलं.

घरी आल्यावर कॅमेरा टेबलावर ठेवला आणि म्हटलं, "बाबा, उद्या सकाळी एक गाऱ्हाणं घाला."

"कसला?"

"कसलंही. तुमच्या आवाजातलं ठेवून घ्यायचंय."

बाबांनी कॅमेऱ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि मान हलवली. त्या वेळी त्यांचं बोलणं म्हणजे नुसती हवा होती, सकाळी थोडं बरं असायचं. "देवाक उगाच हाक मारूची नसता," ते म्हणाले. "तो येवन उबो रवलो आणि विचारल्यान, काय रे, तर काय सांगू? काय नाय, चेडवाक शूटिंग करूचा होता?"

मी पुष्कळ डोकं आपटलं. म्हटलं, चतुर्थीचं आधीच घाला. म्हणाले, गणपती नाही घरात, कोणाला घालू? ऑपरेशन नीट होऊ दे म्हणून घाला. म्हणाले, ते मी मनातल्या मनात घातलंय, त्याला व्हय म्हणायला कोणी नको होतं. दुसऱ्या कोणाच्या घरी प्रसंग असावा तर आषाढ. ना लग्न, ना वास्तुशांत. पावसात खाणी बंद, ट्रक ताडपत्रीखाली, नवा टिपर कोण घेणार? वर्षभर माणसं या दारात रांगा लावायची आणि मला हवा तेव्हा एक नारळ घेऊन कोणी येईना. मी दोन दिवस बाबांशी बोलले नाही. त्यांच्याकडे बोलायचे दिवस मोजके उरलेले आणि मी अबोला धरून बसलेली, असली मी.

तिसऱ्या दिवशी कचेरीतून आले तर ते कॅमेरा मांडीवर घेऊन बसले होते. डोळा लावायच्या फाटक्या रबरावरून अंगठा फिरवत होते, जुन्या गाडीच्या सीटवरून फिरवावा तसा.

"ही नवी वस्तू," ते म्हणाले.

"मग?"

"नव्या वस्तूचा गाऱ्हाणां घालूक व्हया. टिपराचा घालतंव मा? मग हिचा कशाक नाय?"

हे मला सुचायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रजा घेतली, देवापुढचं सारवलं, पाट मांडला. आणि तिथे पहिला घोळ कळला. ज्याचं गाऱ्हाणं त्याला पाटावर बसवायचं असतं. म्हणजे कॅमेरा पाटावर, बाबांच्या समोर, जमिनीपासून चार बोटं वर. तिथून बाबा दिसणार कसे? कॅमेऱ्याखाली उंचवटा द्यायला मी पुस्तक आणलं तर म्हणाले, देव पाटावर बसतो, पुस्तकावर नाही. बरं म्हटलं. मान वर करून ठेवला.

दुसरा घोळ त्याहून मोठा. मी माइक घेऊन त्यांच्याजवळ गेले आणि तशीच उभी राहिले. आयुष्यभर हा माणूस गाऱ्हाणं उघड्या अंगाने घालत आला, जन्मापासून मी ते बघत आले, आणि म्हापशाला जाऊन, अख्ख्या बाजारात शोधून मी काय आणलं, तर कॉलरला लावायचा माइक. कॉलर कुठे आहे? कमरेच्या पंच्याला लावला तर वायर पोचेना. नारळाच्या शेंडीला चिमटा लावून बघितला, तर बाबांनी माझा हात धरला. "नारळ देवाचो. तेका चिमटे काढतत?"

"मग काय करू?" मी वैतागले. "तुमच्या मिशीला लावू?"

"तुझ्या पदराक लाय. तू हयच बसतलंस मा?"

मी बाजूलाच बसणार होते, कॅमेऱ्याच्या वायरीला धरून. लावला पदराला. हेडफोन घातला तर तोही काढायला लावला, देवासमोर कान झाकून बसतात का म्हणून. कॅमेऱ्याला हळदकुंकू लावलं, वर जास्वंदीचं फूल ठेवलं, लाल दिवा लागला, आणि बाबांनी हात जोडले.

"बा देवा म्हाराजा, पेडण्याच्या शिवेवरच्या, सर्वणच्या वाटेवरच्या राखणदारा. आज ह्या चेडवान घरात एक नवी वस्तू हाडलेली आसा."

"व्हय म्हाराजा."

"म्हणजे ती जुनी आसा. तुका खोटा कशाक सांगू? पण आमका नवी."

"व्हय म्हाराजा."

"पावसाची हवा आसा, तिका बुरशी लागू नये. बॅटरी बरी रवांदे. ज्या तारवट्यान ती विकल्यान, तेका दर्यार सुखरूप ठेव."

"व्हय म्हाराजा." हे मी मनापासून म्हटलं. विकणाऱ्याची आठवण मला झाली नव्हती.

मग बाबांनी जोडलेले हात कपाळापर्यंत नेले. डावी भुवई वर गेली.

"आता खरा काय ता सांगतंय. ही वस्तू माझ्या आवाजासाठी हाडलेली आसा, ता तुका कळलाच आसतला. माजो आवाज तुका व्हयो तर व्हर. मी आड येवचंय नाय. खूप वापरलो."

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं. कसं म्हटलं मला माहीत नाही.

"पण माझ्या मागसून ह्या घरात हिका व्हय म्हणणारा कोण तरी दी."

आणि ते थांबले. माझी पाळी होती. मला म्हणता येईना. एक तर ते माझ्यासाठी देवाकडे असं काही मागत असतील हे मला वाटलंच नव्हतं. आमच्यात हा विषय कधी निघाला नव्हता, मी काढू दिला नव्हता. आणि दुसरं म्हणजे व्हय म्हटलं की मी कबूल केलं असं झालं, की हे जाणार, की मागे मी आहे, की मला कोणीतरी लागणार आहे. मला कोणी लागत नाही, हेच मी सगळ्यांना इतकी वर्षं तोंडावर सांगत आले होते. बाबा हात जोडून वाट बघत राहिले. बाहेर पागोळ्या गळत होत्या.

"व्हय म्हण गो बाय," ते हळूच म्हणाले. "देव थांबलो आसा."

म्हटलं. ओरडूनच म्हटलं बहुतेक, कारण त्याशिवाय आवाज फुटत नव्हता.

संध्याकाळी टीव्हीला जोडून आम्ही ते बघितलं. अर्ध्या चित्रावर जास्वंदीची पाकळी. उरलेल्या अर्ध्यात बाबांची हनुवटी, नाकपुड्या आणि वर छपराचे वासे. आवाज तर विचारू नका. माइक माझ्या पदराला, म्हणजे माझ्या तोंडाखाली. बाबा दूरवरून, विहिरीच्या तळातून बोलल्यासारखे, आणि मधे मधे मी, लाऊडस्पीकर लावल्यासारखी. व्हय म्हाराजा, व्हय म्हाराजा. बाबा हसता हसता खोकायला लागले. "गाऱ्हाणां मी घातलंय काय तू?"

मी रडायला लागले. त्यांच्यासमोर मी तोवर कधी रडले नव्हते. म्हटलं, उद्या परत घालू, माइक दोऱ्याने तुमच्या गळ्यात बांधते, फूल काढते, सगळं नीट करते. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि मान हलवली. एकदा सांगितलेलं देवाला पुन्हा सांगत नाहीत. त्याने ऐकलं नाही असं म्हटल्यासारखं होतं. पुढच्या आठवड्यात आम्ही इस्पितळात गेलो.

ते जगले, डॉक्टरीण म्हणाली तसे. गळ्याला एक भोक राहिलं, त्यावर पांढरं फडकं. गळ्याला टेकवून बोलायचं एक यंत्र मिळतं म्हणून कोणी आणून दिलं. बाबांनी ते एकदा लावलं, त्यातून टेम्पोच्या हॉर्नसारखा आवाज आला, आणि हाताने नको नको करून त्यांनी ते कपाटात ठेवून दिलं. ट्रकवाले दुसरीकडे जायला लागले. काही पायऱ्यांपर्यंत येऊन, बाबांना बघून, नारळ ठेवून नुसता नमस्कार करून जायचे.

त्या वर्षीच्या चवथीला आमच्या गणपतीसमोर गाऱ्हाणं घालायला कोणी नव्हतं. आमच्याकडे बाईमाणसाने गाऱ्हाणं घालायची पद्धत नाही, आणि घातलं असतं तरी मला ते जमलं असतं असं वाटत नाही. शेजाऱ्यांना बोलवायला बाबा तयार होईनात. शेवटी मी टीव्ही ओढून, गणपतीवर फळंपानं टांगतात त्या माटोळीखाली आणला आणि ती कॅसेट लावली. दुसरं बाबांचं होतंच काय माझ्याकडे? बाबा कदेलावर बसले, जुन्या लाकडी हातांच्या खुर्चीवर, आईच्या माहेरच्या. कॅमेऱ्याला बुरशी लागू नये हे गणपतीने ऐकून घेतलं. तारवट्याचंही ऐकलं. मग ते मागणं आलं.

ते येणार हे मला माहीत होतं, आणि त्याआधी कॅसेट बंद करायची असं मी ठरवलंही होतं. हात उठला नाही. टीव्हीतले बाबा म्हणाले, हिका व्हय म्हणणारा कोण तरी दी. आणि टीव्हीतली मी गप्प. टेप नुसती फिरतेय, पागोळ्या गळतायत. तेवढ्यात मागून ठक ठक असा आवाज आला. मी वळून बघितलं. बाबांनी कदेलाच्या हातावर दोनदा थाप मारली होती. माझ्याकडे बघत होते, डावी भुवई वर. त्यांचं मागणं, आणि व्हय म्हणायला पहिले तेच. मी हसले. मग दोघंही हसलो, त्यांचं हसणं म्हणजे खांदे हलायचे तेवढेच.

ते असेपर्यंत दर चवथीला हे असंच झालं. त्या जागी ठक ठक. घरातही मी काही विचारलं, आमटी वाढू का, दिवा घालवू का, तर ताटावर नाही तर भिंतीवर ठक ठक. नको असलं तर एकदाच. चार भिंतींना कान लावून मी त्यांची उत्तरं ऐकायला शिकले. मग एका वर्षी ते गेले. त्याबद्दल मी लिहिणार नाही.

कॅमेऱ्याला शेवटी बुरशी लागलीच. कॅसेट खराब व्हायच्या आधी मी ती डिस्कवर घालून आणली, मग पेनड्राइव्हवर. उतरवून देणारा माणूस म्हणाला, मॅडम, मधे बराच वेळ आवाज गेलाय, ती गॅप कापू का, आणि बाईंचा आवाज फार मोठा आहे, तो कमी करून देतो, वाटलं तर मागे बासरी घालतो. मी त्याला म्हटलं, बासरी घातलीस तर तुझे पैसे देणार नाही. काही कापायचं नाही, काही कमी करायचं नाही.

आता मी निवृत्त झाले. घरात फ्रीज आहे, त्यात एका माणसाचं काय मावतं तेवढं असतं. बाबांचं मागणं देवाने पुरं केलेलं नाही, आणि माझं वय बघता आता करेल असंही दिसत नाही. मला एकटेपणाची सवय झाली आहे असं लोक म्हणतात. झालेली नाही. रात्री दिवा घालवताना अजून मी भिंतीकडे बघून विचारते, घालवू का, आणि थांबते.

चवथीला शेजारची माणसं येतात, आरती म्हणतात, नेवरी, म्हणजे आमची करंजी, खातात आणि पुढच्या घरी जातात. मग मी दार लोटते आणि टीव्ही लावते. गणपतीला सांगते, ऐक, मला सांगितलंच नव्हतं असं तुला म्हणता येणार नाही, माझ्याकडे टेप आहे. बाबा दूरवरून मागतात. पुढे गॅप येते. मी कदेलाच्या हातावर दोनदा थाप मारते, नाही तर ते पुढे जाणार नाहीत असं वाटतं. बाबा म्हणतात, व्हय म्हण गो बाय. आणि टीव्हीतली ती बाई, माझ्याहून कितीतरी लहान, सगळं घर भरेल एवढ्या आवाजात म्हणते, "व्हय म्हाराजा." या घरात मला व्हय म्हणणारं आता तेवढं एकच माणूस आहे.